एक लग्नाचा दाखला, तीन देश आणि १ जून

आमच्या लग्नाचा दाखला एका पारदर्शक पाकिटात असतो. पुण्यातल्या महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातून डिसेंबर २०१२ मध्ये तो मिळाला. मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत छापलेला, महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखालचा. त्यासाठी भटजींची सही, तीन साक्षीदार, लग्नपत्रिका, फोटो असं सगळं दिलं होतं. पुढच्या बाजूला आमच्या दोघांची नावं आणि तारीख, एवढंच आहे. मागची बाजू मात्र गच्च भरली आहे. मंत्रालयाचा शिक्का, दिल्लीचा शिक्का, अमिरातीच्या वकिलातीचा शिक्का, दुबईत लागलेला शिक्का आणि नंतर चिकटवलेलं अपॉस्टिलचं, म्हणजे परदेशात कागद चालावा म्हणून त्यावरची सही खरी असल्याचं सांगणारं, चौकोनी स्टिकर.

हा कागद घेऊन आम्ही दुबईत साडेचार वर्षं राहिलो, मग नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला तीन वर्षं आणि २०२० पासून दक्षिण जर्मनीतल्या एका मध्यम शहरात. गावाकडं, पुण्यात, व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळीकडं एकच विचारलं जातं, "कुठला देश सोपा गं? कुठं कागदपत्रांचा त्रास कमी?" लोकांना दिवसांत उत्तर हवं असतं. मी दिवस मोजून ठेवलेत, सांगतेही. पण दिवसांवरून खरं काही कळत नाही, असं माझं मत झालं आहे. तो देश नेमका कशावर विश्वास ठेवतो आणि त्या विश्वासासाठी हेलपाटे कोणाला घालावे लागतात, हे पाहिल्याशिवाय दोन देशांची तुलना होत नाही. आमच्या बाबतीत ते हेलपाटे शेवटी कराडजवळच्या गावात राहणाऱ्या माझ्या सासऱ्यांच्या वाट्याला आले. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

दुबई : शिक्क्यांची साखळी

नवरा जानेवारी २०१३ मध्ये दुबईला गेला. मी मागं राहिले ती या दाखल्यासाठीच. संयुक्त अरब अमिराती हा देश तेव्हा अपॉस्टिलच्या हेग करारात नव्हता, त्यामुळं साखळी पूर्ण करावी लागायची. महापालिकेची सही खरी आहे हे मंत्रालयानं सांगायचं, मंत्रालयाची सही खरी हे भारताच्या परराष्ट्र मंत्रालयानं, त्यांची खरी हे अमिरातीच्या वकिलातीनं आणि वकिलातीची सही खरी हे दुबईतल्या त्यांच्या परराष्ट्र खात्यानं. मग कायदेशीर अनुवादकाकडून अरबी भाषांतर. मुंबईतल्या एजंटनं भारतातली साखळी सव्वा महिन्यात पूर्ण केली.

दुबईत पोचल्यावर मात्र वेग बघून मी चकित झाले. कंपनीचा पीआरओ, म्हणजे सरकारी कार्यालयांतली कामं करणारा माणूस, सगळं बघायचा. टायपिंग सेंटरमध्ये अर्ज अरबीत टाइप झाला, रक्ततपासणी आणि छातीचा एक्स-रे झाला, बोटांचे ठसे दिले, आणि अकराव्या दिवशी पासपोर्टच्या पानावर माझा रहिवासी व्हिसा चिकटून आला. पुरस्कर्ता (स्पॉन्सर) म्हणून नवऱ्याचं नाव आणि व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी'. मी सहा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग केलेली बाई. तो रकाना मी बराच वेळ बघत बसले होते.

नावाचा गोंधळ इथूनच सुरू झाला. आपल्या पद्धतीनं पासपोर्टवर माझं नाव, मधे नवऱ्याचं नाव, मग आडनाव. अरबी पद्धतीतही तीन शब्दांचं नाव असतं, पण तिथं मधला शब्द वडिलांचा. त्यामुळं दवाखान्यात, बँकेत, सगळीकडं माझा नवरा माझे वडील समजला जायचा. खुलासा केला की लोक समजून घ्यायचे. मधे बापाचं नाव असतं ही कल्पना त्यांना परकी नव्हती, मधे नवरा येतो हे नवीन होतं.

रोजचं जगणं सोपं होतं, हे मी प्रामाणिकपणे सांगते. खालच्या किराणावाल्याला फोन केला की दूध, कोथिंबीर, पाव वर यायचा. करामा या भारतीय वस्तीच्या भागात उतरलं की पोहे-मिसळीपासून सगळं. शुक्रवार-शनिवार सुटी, प्राप्तिकर नाही. घरभाडं मात्र वर्षाचे पुढच्या तारखांचे चेक देऊन भरायचं. आमच्याकडून चार चेक घेतले होते. त्या काळात चेक वटला नाही तर तो फौजदारी गुन्हा धरला जाई, त्यामुळं त्या चार तारखा नवऱ्याच्या डोक्यात कायम असायच्या.

आणि सगळ्याच्या मुळाशी नोकरी. व्हिसा नोकरीचा, माझा व्हिसा त्याच्या व्हिसावर, घराचा करार व्हिसावर, गाडीचं कर्ज पगारावर. २०१६ च्या सुमाराला तेलाचे भाव पडले, कंपन्या माणसं कमी करू लागल्या. आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या केरळच्या कुटुंबाला नोकरी गेल्यावर तीस दिवसांत देश सोडावा लागला. मुलीची शाळा फेब्रुवारीत अर्धवट सुटली. त्यांच्या घरातलं सामान जिन्यात विकायला मांडलेलं अजून डोळ्यांसमोर आहे. अकरा दिवसांत मिळालेला कागद तितक्याच सहज जातो, हे मला त्या जिन्यात कळलं. २०१७ मध्ये आम्ही स्वतःहून निघालो तेव्हाही क्रम ठरलेला होता, आधी बायकोचा व्हिसा रद्द, मग नवऱ्याचा.

आइंडहोवन : एक स्टिकर, एक नोंदवही

नेदरलँड्सबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तिथं अडलं नाही. नवऱ्याची कंपनी सरकारमान्य पुरस्कर्ता होती, त्यामुळं उच्च कुशल कामगार म्हणून त्याचा आणि त्याच्यासोबत माझा परवाना दोन-तीन आठवड्यांत मंजूर झाला. दाखल्यावरचे दुबईसाठीचे शिक्के इथं निरुपयोगी होते, इथं अपॉस्टिल हवं होतं. हेग करार १९६१ चा, भारतासाठी तो जुलै २००५ पासून लागू झाला. परराष्ट्र मंत्रालयाची एका अपॉस्टिलची फी पन्नास रुपये. एजंटनं घेतले ते वेगळे. स्टिकर चिकटलं की करारातल्या देशांत पुढं कुठल्या वकिलातीत जायला नको. सुरुवातीला नेदरलँड्सचा भारताबाबत आक्षेप होता, तो त्यांनी नंतर मागं घेतला होता, त्याचा आम्हाला फायदा झाला.

एका सकाळी एक्सपॅट सेंटरमध्ये गेलो. तिथंच रहिवासी कार्ड, तिथंच नगरपालिकेच्या लोकसंख्या नोंदणीत नाव, तिथंच नागरिक क्रमांक. माझ्या कार्डावर मागं डच भाषेत लिहिलं होतं, काम करायला पूर्ण मुभा. दुबईतल्या 'गृहिणी'नंतर ते वाक्य मी घरी येऊन शब्दकोशात शब्द-शब्द लावून वाचलं. आठ महिन्यांत मला नोकरी लागली.

त्या टेबलावर एक गोष्ट घडली, तिचं महत्त्व पुढं चार वर्षांनी कळलं. बाईंनी दोघांचे जन्मदाखले मागितले. माझा होता, पुणे महापालिकेचा. नवऱ्याचा नव्हता. कराडजवळच्या त्याच्या गावच्या ग्रामपंचायतीत नोंद सापडली नव्हती, 'नोंद उपलब्ध नाही' असं पत्र होतं. बाई म्हणाल्या, मग जन्मतारीख पासपोर्टवरून घेते. घेतली. १ जून १९८५.

तिथलं पुढचं सगळं त्या एका नोंदवहीतून चालायचं. कर, विमा, फॅमिली डॉक्टर, मतदारयादीसुद्धा. पत्ता एकदा बदलला की सगळीकडं बदलायचा. पत्रांवर नाव आद्याक्षरांनी यायचं, त्यामुळं माझ्या नावातला नवरा एका अक्षरापुरता उरला आणि कोणी काही विचारलं नाही. त्रास होता तो घर मिळण्याचा आणि डॉक्टर पॅरासिटॅमॉलपलीकडं लवकर जात नाहीत याचा. तीन वर्षं मला तिथं हलकं वाटलं.

जर्मनी : कागदामागचा माणूस

२०२० च्या शरद ऋतूत जर्मनीला आलो. व्हिसाच्या वेळी अपॉस्टिल लावलेला दाखला आणि त्याचं जर्मन भाषांतर एवढ्यावर काम झालं. त्यामुळं आमचा कागद इथंही चालतो, असा आमचा समज झाला. तो चुकीचा होता.

आधी रोजच्या जगण्याबद्दल. इथं पहिलं काम घर, आणि घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, आनमेल्डुंग. त्याला घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. त्या नोंदणीनंतर करक्रमांक, बँक, फोन. करक्रमांक पोस्टानं येतो. बरंचसं पोस्टानंच येतं, म्हणून टपालपेटीवर नाव असणं फार गरजेचं. आमच्या पेटीवर पहिले दहा दिवस जुन्या भाडेकरूचं नाव होतं आणि त्या दहा दिवसांतली दोन पत्रं परत गेली. पोस्टमन घर क्रमांक बघत नाही, नाव बघतो. दुबईत काम माणूस करायचा, आइंडहोवनला पासवर्ड करायचा, इथं ते पत्र करतं. दारावरची घंटा आणि टपालपेटी यांच्यावर आडनाव लावलं तेव्हा आम्ही इथं राहायला आलो असं म्हणता येईल.

नोव्हेंबर २०२१ मध्ये मुलगी झाली. इथं जन्माची खबर आठवड्याच्या आत श्टांडेसआम्टला, म्हणजे जन्म-विवाह नोंदणी कार्यालयाला, द्यावी लागते. ती इस्पितळानं दिली. मग आमच्याकडं कागदांची यादी आली. दोघांचे पासपोर्ट, दोघांचे जन्मदाखले, लग्नाचा दाखला, सगळ्यांची शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतरं. मी पाकीट घेऊन गेले. नोंदणी अधिकारी बाईंनी दाखला उलटा केला, अपॉस्टिल पाहिलं आणि शांतपणे सांगितलं की भारताचं अपॉस्टिल जर्मनीत मान्य नाही.

मला वाटलं त्यांचा काही गैरसमज होतोय. तसं नव्हतं. भारत हेग करारात आला तेव्हा जर्मनीनं आक्षेप नोंदवला आणि तो अजून कायम आहे, म्हणून या दोन देशांत तो करार लागूच नाही. त्यावर भारतातल्या जर्मन वकिलातींनी पूर्वीची शिक्का मारून प्रमाणित करण्याची पद्धतही थांबवलेली आहे, कारण बनावट किंवा चुकीच्या मजकुराचे दाखले फार आढळले. उरतो तो एकच मार्ग, कागदांची प्रत्यक्ष पडताळणी. जर्मन कार्यालय कागद वकिलातीकडं पाठवतं, वकिलात स्थानिक वकील नेमते आणि तो वकील मूळ नोंदवही बघतो, घरी जातो, शेजाऱ्यांना विचारतो. खर्च अर्जदाराचा, काहीशे युरो आगाऊ. वेळ, महिने.

आणि व्हिसाच्या वेळी चाललं ते? परदेशी नागरिकांचं कार्यालय वेगळं, हे वेगळं. एकानं मानलेला कागद दुसऱ्यावर बंधनकारक नाही. हे वाक्य मी जर्मनीत येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

बाईंनी दुसरा प्रश्न विचारला तो नावाचा. माझ्या जन्मदाखल्यावर माहेरचं आडनाव, लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. "हा बदल कोणत्या तारखेला, कोणत्या कायद्यानं झाला?" आपल्याकडं तो होतो, बस्स. लग्नात तांदळावर नाव लिहितात, लोक नव्या नावानं हाक मारायला लागतात. माझ्या वडिलांनी मात्र २०१३ मध्ये हट्टानं महाराष्ट्र शासन राजपत्रात माझ्या नावबदलाची जाहिरात दिली होती. तेव्हा मला ते पैसे वाया गेले असं वाटलं होतं. त्या दिवशी राजपत्राचं ते पान काढून दिलं आणि बाईंचा चेहरा पहिल्यांदा मोकळा झाला. बाबांना तिथूनच फोन केला.

जर्मन अर्जात दोनच रकाने, पहिली नावं आणि आडनाव. पासपोर्टमुळं नवरा माझ्या 'पहिल्या नावां'त बसला आणि सासरे नवऱ्याच्या. मुलीच्या नावात बापाचं नाव घालायचं का, हे ठरवताना आम्ही दोन रात्री बोललो. मुलीला पुरुषाचं नाव का, हे जन्मभर समजावण्यापेक्षा ते घातलं नाही. (पुढं महाराष्ट्र सरकारनं १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांसाठी सरकारी कागदांवर आईचंही नाव लिहायचं ठरवलं. मला ते मनापासून आवडलं, पण परदेशातल्या दोन रकान्यांत चार शब्द बसवताना त्या मुलांच्या आई-बापांनी आधीपासून तयारी ठेवावी.)

मुलगी मधल्या काळात कागदाविना राहिली नाही, हे सांगायला हवं. अशा वेळी जन्मदाखल्याऐवजी जन्मनोंदवहीचा प्रमाणित उतारा देतात. त्यात आई-वडिलांच्या नावांपुढं टीप असते, 'ओळख सिद्ध झालेली नाही'. कायद्यानं त्या उताऱ्याला दाखल्याइतकंच पुराव्याचं मूल्य आहे. तो मिळायला सहा आठवडे लागले. त्याच्यावर बालभत्ता सुरू झाला, तेव्हा महिना २१९ युरो, मागच्या महिन्यांसकट. भारतीय वकिलातीत वर्षाच्या आत जन्मनोंदणी करावी लागते, तीही त्याच उताऱ्यावर झाली, थोडं समजावून सांगावं लागलं इतकंच. तरीही बाळाच्या पहिल्या कागदावर आई-बाप कोण हे नक्की नाही असं लिहिलेलं वाचताना मला झालेला त्रास कायद्याच्या कलमानं कमी झाला नाही. बाळंतपणाला पन्नास दिवस झाले होते. मी तो कागद घडी घालून ठेवला आणि आईला फोनवर त्याबद्दल काही बोलले नाही.

कराडजवळचं गाव, जून २०२२

कागद जानेवारी २०२२ मध्ये पाठवले गेले. सोबत एक लांब प्रश्नावली होती. शाळा कोणत्या, कोणत्या वर्षी, आई-वडिलांचे पत्ते, नातेवाईक, शेजारी, लग्नाचं कार्यालय. जूनमध्ये वकील पुण्यात माझ्या आई-वडिलांकडं गेले, तिथं अर्ध्या तासात आटोपलं. क्षेत्रीय कार्यालयातल्या विवाह नोंदवहीत आमची नोंद मिळाली, अल्बम पाहिला, खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारलं.

मग ते गावी गेले. माझे सासरे, आप्पा, एसटीत कंडक्टर होते. आयुष्यभर तिकिटांचा हिशेब दिलेला माणूस, कागद नीट ठेवणारा. वकील फोन न करता आले, कारण पडताळणीत आधी सांगून यायचं नसतं. त्यांनी दारात येण्याआधी शेजारच्या दोन घरांत चौकशी केली होती. आप्पा शेतातून येईपर्यंत गल्लीत बातमी पसरली होती की जर्मनीहून पोराची चौकशी आली आहे.

त्या रात्री फोनवर आप्पांचा आवाज वेगळा होता. "काही भानगड झालीया का? खरं सांग. आम्ही हितं बघून घेतो." नवऱ्यानं त्यांना तासभर समजावलं. आम्ही दोघांनी त्यांना आधी सगळं नीट सांगायला हवं होतं, 'कोणी येईल' एवढंच म्हणून सोडायला नको होतं. हे आमचं चुकलं. पण माझी तक्रार व्यवस्थेबद्दलही आहे आणि ती मी मागं घेणार नाही. अर्ज मुलानं करायचा, फायदा नातीचा, पैसे आम्ही भरायचे, आणि गावात मान खाली घालायची वेळ त्यातलं काहीच न मागणाऱ्या सत्तरीच्या माणसावर. वकिलानं दारात उभं राहून दाखवता येईल असं एक साधं मराठी पत्र सोबत ठेवलं असतं, 'ही नेहमीची पडताळणी आहे, कोणावर आरोप नाही' एवढ्या ओळीचं, तर शेजाऱ्यांची कुजबूज तिथंच थांबली असती.

वकील माणूस मात्र समजूतदार होते. 'नोंद उपलब्ध नाही' हे पत्र बघून त्यांनी सासूबाईंना विचारलं, "आजी, बाळंतपण कुठं झालं?"

आई म्हणाल्या, "पैलं बाळंतपण म्हायारीच आसतंय की."

आम्ही कोणीही, खुद्द नवऱ्यानंही, हा प्रश्न कधी विचारला नव्हता. आम्ही नोंद शोधत होतो ती सासरच्या ग्रामपंचायतीत. जन्म झाला होता माण तालुक्यातल्या आजोळी. आणि तारीख? आईंना तारीख माहीत नव्हती, पण साल आणि महिना पक्का माहीत होता. "त्या साली धोंडा हुता. ह्ये वाण घ्यायला म्हायारी आलतं, तवा मला दिवस भरत आलं हुतं. मग दुसऱ्या श्रावणातली पुनव झाली आन् दोन-तीन दिसानं ह्यो झाला."

१९८५ साली अधिक श्रावण होता, जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. निज श्रावणातली पौर्णिमा आली ३० ऑगस्टला. वकील माणला गेले. ग्रामसेवकानं जन्म-मृत्यूचं जुनं रजिस्टर काढलं. त्यात नोंद होती : २ सप्टेंबर १९८५, पुरुष, वडिलांचं नाव, आईचं नाव. मुलाच्या नावाचा रकाना रिकामा.

मग १ जून कुठून आला? शाळेतून. आमच्या पिढीतल्या, विशेषतः गावाकडच्या, हजारो लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पहिलीला सहा वर्षं पुरी हवीत, आई-बापाला तारीख सांगता यायची नाही आणि जन्मदाखला कोणाकडं नसायचा. गुरुजी १ जून लिहायचे. महाराष्ट्रात दरवर्षी ३१ मेला एकदम इतके सरकारी कर्मचारी निवृत्त होतात, त्याचं कारण हेच. नवऱ्याला १९९१ च्या जूनमध्ये पहिलीत घालताना तीन महिने वाढवले गेले. शाळा सोडल्याचा दाखला तसा निघाला, त्यावरून दहावीचं प्रमाणपत्र, त्यावरून पासपोर्ट. २६ जानेवारी १९८९ च्या आधी जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी शाळेचा दाखला चालत होता, त्यामुळं हे कुठंच अडलं नाही.

अहवाल सप्टेंबरमध्ये आला. लग्न सिद्ध झालं, माझी ओळख सिद्ध झाली. नवऱ्याबाबत लिहिलं होतं की व्यक्ती तीच आहे, पण जन्मतारखेच्या दोन नोंदी आहेत आणि त्या जुळत नाहीत.

काय निष्पन्न झालं

मुलीच्या नव्या उताऱ्यातून माझ्या नावापुढची टीप गेली. तिच्या वडिलांच्या नावापुढची आहे. नोंदणी अधिकारी बाईंनी अर्धा तास बसवून मार्ग सांगितले. भारतात पासपोर्टवरची जन्मतारीख दुरुस्त करून आणायची, किंवा दोन्ही नोंदी एकाच माणसाच्या आहेत आणि खरी कोणती याचा भारतीय न्यायालयाचा आदेश आणायचा. पासपोर्ट बदलला तर आधार, पॅन, दहावी, पदवी, इथलं कार्ड, विमा, निवृत्तिवेतनाचा हिशेब, सगळं बदलावं लागेल. टीप काढायला मुदत नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. पुरावा येईल तेव्हा काढू. मुलीच्या शाळेला, डॉक्टरला, भत्त्याला टिपेनं काही अडत नाही. आम्ही पासपोर्टला हात लावायचा नाही असं ठरवलं. अपूर्ण पण खरी टीप मला इतके कागद खोटे-खरे करत फिरण्यापेक्षा बरी वाटली.

आता माझं मत सांगते. अपॉस्टिल काय प्रमाणित करतं? सही, सही करणाऱ्याचा अधिकार आणि शिक्का. आतला मजकूर खरा की खोटा हे त्याच्या कक्षेत नाही. दुबईची साखळीही तेवढंच सांगते. दोन देशांसाठी पाच शिक्के-स्टिकरं जमवली, पण मूळ रजिस्टर कोणी उघडलं नाही. ते उघडलं जर्मनीनं, आमच्या मनाविरुद्ध आणि आप्पांची झोप उडवून. सगळ्यात जास्त त्रास देणाऱ्या देशानंच नवऱ्याला त्याचा खरा वाढदिवस सांगितला, हे मी नाकारू शकत नाही. त्याच वेळी मला हेही दिसतं की नेदरलँड्समध्ये एका बाईंनी पासपोर्टवर विश्वास ठेवला म्हणून काही आभाळ कोसळलं नाही. आम्ही तेच लोक होतो, तेच लग्न, तोच कागद.

जे परदेशी निघायच्या तयारीत आहेत त्यांनी एवढं करावं. जन्मदाखला जन्म झाला त्या गावातून काढा, राहता त्या गावातून नव्हे, आणि आईला विचारून खात्री करा. नावाचा रकाना भरलेला आहे का बघा. शाळेची तारीख आणि ती तारीख शेजारी ठेवा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्रात द्या, माझ्या बाबांसारखा हट्ट करा. लग्नाच्या दाखल्याच्या मूळ प्रती एकाहून जास्त काढा, कारण एकावर दुबईचे शिक्के, एकावर अपॉस्टिल आणि एक कोरी अशी गरज पडते. आणि जर्मनीला जात असाल तर घरच्यांना बसवून सांगा की एक दिवस कोणीतरी दारात येईल, घाबरू नका, चहा द्या, खरं ते सांगा.

रिकाम्या रकान्यात नाव लावण्याचा अर्ज आप्पांनी माणच्या त्या ग्रामपंचायतीत दिला आहे. शाळा सोडल्याचा दाखला, प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार. गेल्या खेपेला ग्रामसेवक प्रशिक्षणाला गेले होते, म्हणून परत आले. पुढच्या खेपेला आईही बरोबर जाणार आहेत, कारण साक्षीदारांपैकी एक त्यांची चुलत बहीण आहे आणि ती आप्पांशी फोनवर बोलत नाही, आईंशी बोलते.